झाशी–मानिकपूर मार्गावरील मुलींच्या निवासी शाळा

झाशी : झाशीहून पूर्वेकडे निघणारा लोहमार्ग मऊरानीपूर, महोबा, बांदा, अतर्रा आणि कर्वी ही स्थानके घेत सुमारे ३०० किलोमीटरवर मानिकपूरला पोहोचतो. या मार्गाची दोन्ही टोके मराठी वाचकाला इतिहासातून परिचित आहेत. एका टोकाला नेवाळकरांची झाशी. दुसऱ्या टोकाजवळ कर्वी, जेथे रघुनाथराव पेशव्यांचे दत्तकपुत्र अमृतराव वसईच्या तहानंतर तनखा घेऊन स्थायिक झाले आणि पुढे विनायकरावांनी गणेशबाग उभारली. इतिहासाच्या पुस्तकात हा परिसर येथेच संपतो. कर्वीच्या दक्षिणेस मात्र विंध्याच्या पायऱ्या सुरू होतात. त्यांवरील दगडी, जंगलमय पठाराला स्थानिक लोक 'पाठा' म्हणतात. उत्तर प्रदेशातील मुलींच्या शिक्षणाचे काही सर्वांत अवघड प्रयोग या पाठा भागात आणि झाशीच्या दक्षिणेकडील ललितपूरच्या डोंगराळ पट्ट्यात झाले.

बुंदेलखंड हा हिमालयासारखा उंच प्रदेश नव्हे, तेथे दोन सैन्यांमधील युद्धही नाही. तरीही दुर्गमता आणि हिंसा यांच्या कात्रीत सापडलेल्या डोंगरी वस्त्यांत मुलींची शाळा कशी उभी राहते, याचा अभ्यास करावयाचा तर हा प्रदेश विशेष बोलका आहे. येथील अनुभवातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. अशा भागात शाळेची इमारत ही मुलींच्या शिक्षणाची पहिली गरज नव्हे. पहिली गरज आहे ती रात्रीच्या सुरक्षित मुक्कामाची.

उत्तर प्रदेशातील बुंदेलखंडात सात जिल्हे येतात. झाशी, ललितपूर व जालौन हे झाशी विभागात, तर बांदा, हमीरपूर, महोबा व चित्रकूट हे चित्रकूटधाम विभागात मोडतात. ललितपूर १९७४ पर्यंत झाशी जिल्ह्याचाच भाग होते. चित्रकूट १९९७ मध्ये बांद्यापासून वेगळे झाले आणि आरंभी सुमारे सव्वा वर्ष या नव्या जिल्ह्याचे नाव 'छत्रपती शाहूजी महाराज नगर' असे होते. कोल्हापुरात १९०१ पासून विद्यार्थी वसतिगृहांची मालिका उभी करणाऱ्या राजाचे नाव, ज्या जिल्ह्यात पुढे वसतिगृह हाच शिक्षणाचा कळीचा प्रश्न ठरणार होता, त्या जिल्ह्याला मिळावे हा योगायोग लक्षणीय आहे. ते नाव १९९८ मध्ये बदलले, प्रश्न राहिला.

पाठ्याची जमीन उथळ आणि खडकाळ आहे. पावसाचे पाणी खडकावरून वाहून जाते, विहिरी लवकर आटतात आणि उन्हाळ्यात पाणी आणण्यासाठी दूरवर जावे लागते. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात येथे मोठी नळपाणी योजना राबविण्यात आली, तरी टंचाई हटली नाही. पाणी भरणे हे बायकामुलींचे काम. धाकट्या भावंडांना सांभाळणे, सरपण आणणे आणि उन्हाळ्याच्या तोंडी तेंदूपत्ता तोडून त्याची पुडकी बांधणे हीही त्यांचीच कामे. तेंदूपत्त्याच्या हंगामात अख्खे कुटुंब जंगलात असते आणि शेतात काही उरले नाही की ते शहरांकडे मजुरीला निघते. पटावर नाव असलेली मुलगी अशा महिन्यांत वर्गात नसते, आणि परत आल्यावर तिचा वर्ग पुढे निघून गेलेला असतो.

येथील मोठा समाज कोल आदिवासींचा आहे. सरकारी यादीत मात्र त्यांची नोंद राज्याच्या सीमेप्रमाणे बदलते. मध्य प्रदेशात कोल अनुसूचित जमातीत आहेत, उत्तर प्रदेशात अनुसूचित जातीत. पाठ्याच्या एका उतारावरील मुलीला आदिवासी विकास खात्याची आश्रमशाळा आणि वसतिगृह यांचा हक्क पोहोचतो. दुसऱ्या उतारावरील तिच्याच जातगोतातील मुलीसाठी तो मार्ग बंद असतो आणि तिला अन्य योजनांचे दार ठोठवावे लागते. ललितपूरच्या सहरिया समाजाचीही स्थिती दीर्घकाळ अशीच होती. उत्तर प्रदेशात केवळ ललितपूर जिल्ह्यापुरता त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला तो २००३ मध्ये. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात हाच समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणला जातो. शाळा कोणी बांधावी, वसतिगृहाचा खर्च कोणी उचलावा, ही वरकरणी कारकुनी वाटणारी बाब या डोंगरांत मुलीच्या आयुष्याची दिशा ठरविते.

त्यावर भर पडली ती दरोडेखोरांच्या टोळ्यांची. शिवकुमार पटेल ऊर्फ ददुआ याच्या टोळीचा पाठ्यावर सुमारे तीन दशके अंमल होता. तेंदूपत्त्याचे ठेके आणि रस्त्यांसारखी सरकारी बांधकामे यांतून टोळीला हिस्सा द्यावा लागे. साहजिकच ठेकेदार काम घेण्यास कचरत आणि घेतले तर अर्धवट टाकत. ददुआ जुलै २००७ मध्ये पोलिसांच्या विशेष कृती दलाशी झालेल्या चकमकीत मारला गेला. अंबिका पटेल ऊर्फ ठोकिया ऑगस्ट २००८ मध्ये मारला गेला. बबुली कोलचा शेवट सप्टेंबर २०१९ मध्ये झाला. या काळात गावकरी दोन्ही बाजूंच्या संशयाखाली वावरत. टोळीला भाकरी दिली तर पोलिसांचा ससेमिरा, आणि न दिली तर टोळीचा सूड. दिवस मावळण्यापूर्वी घरी परतणे हा तेथला अलिखित नियम होता. सहावीच्या वर्गासाठी जंगलवाटेने मैलोगणती चालत जाणे आणि चालत येणे या नियमात बसणारे नव्हते. मुलग्याच्या बाबतीत पालक जोखीम पत्करीत. मुलीच्या बाबतीत नाही.

झाशी विभागातीलच जालौन जिल्ह्यात १९६३ मध्ये जन्मलेल्या फूलनदेवीचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. तिच्या चरित्राची चर्चा बहुतेक वेळा बेहमई आणि आत्मसमर्पण यांभोवती फिरते. पाचवीच्या वयात शाळेऐवजी सासरी पाठविलेली मुलगी, हा त्या चरित्राचा पहिला भाग त्या काळच्या बुंदेलखंडात अपवाद नव्हता.

कायदा अंतर मोजतो ते निराळ्या पद्धतीने. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालील नियमांत प्राथमिक शाळा साधारण १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी, असा निकष आहे. सपाट प्रदेशात तो वाजवी आहे. पठारावर मात्र नकाशावरचे ३ किलोमीटर म्हणजे एक घळ, एक नाला आणि पावसाळ्यात तुटणारी वाट. शिवाय निकषाला लोकसंख्येचीही अट जोडलेली असते. कोलांच्या विखुरलेल्या पुरव्यांत, म्हणजे वाड्यावस्त्यांत, ती सहसा पुरी होत नाही. म्हणून प्राथमिक शाळा वस्तीजवळ आली तरी सहावीपासूनची शाळा दूरच राहिली, आणि मुलींची गळती नेमकी पाचवीनंतर होऊ लागली.

या कोंडीतून पहिली वाट निघाली ती शाळेतून नव्हे, हातपंपातून. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने स्त्रियांच्या सबलीकरणाला शिक्षणाचे उद्दिष्ट मानले आणि त्यातून 'महिला समाख्या' हा केंद्रीय कार्यक्रम दशकाच्या अखेरीस सुरू झाला. उत्तर प्रदेश, कर्नाटक आणि गुजरात ही त्याची पहिली राज्ये, आणि उत्तर प्रदेशातील पहिल्या जिल्ह्यांत बांद्याचा समावेश होता. आजचे चित्रकूट तेव्हा बांद्यातच होते. कार्यकर्त्यांनी गावोगावी स्त्रियांचे संघ बांधले आणि तुमची पहिली अडचण कोणती, असे विचारले. उत्तर पाण्याचे होते. हातपंप बसविलेले होते, पण बिघडले की दुरुस्तीला माणूस मिळत नसे. मग १९९० च्या सुमारास दलित आणि कोल स्त्रियांना हातपंपदुरुस्तीचे प्रशिक्षण देण्यात आले. ज्या स्त्रियांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जाई, त्याच पाना घेऊन पंप उघडू लागल्या.

पंप उघडता आला, तरी नोंदवही लिहिता येईना. कोणत्या गावचा पंप, कोणता सुटा भाग बदलला, खात्याकडून काय मागवायचे, हे सारे कागदावर हवे होते. अक्षरांची मागणी अशी कामातून आली. त्यासाठी साक्षरतेची शिबिरे भरली, आणि नवशिक्षित स्त्रियांना वाचायला काही असावे म्हणून त्यांनीच लिहिलेली 'महिला डाकिया' ही पत्रिका निघाली. तिची भाषा बुंदेली होती. पुढे याच परंपरेतून मे २००२ मध्ये कर्वीहून 'खबर लहरिया' हे ग्रामीण स्त्रियांनी चालविलेले वृत्तपत्र सुरू झाले. त्याच्या पत्रकारांवरील माहितीपटाला २०२२ मध्ये ऑस्करचे नामांकन मिळाले, ही गोष्ट देशभर गाजली. तिच्या मुळाशी असलेला हातपंप तितका प्रसिद्ध नाही.

शिबिर दहा दिवसांचे असले की शिकलेले दोन महिन्यांत पुसून जाई. घरी परतल्यावर पुन्हा पाणी, सरपण, पोरे. या अनुभवातून निवासी शिक्षणाची कल्पना पुढे आली आणि १९९५ मध्ये महिला शिक्षण केंद्र सुरू झाले. किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रिया येथे काही महिने राहून शिकत. सुरुवातीचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा होता. दिल्लीच्या 'निरंतर' या संस्थेने तो तयार केला. त्याची रचना विषयांच्या तासिकांवर नव्हे, तर पाणी, जंगल, जमीन, समाज आणि आरोग्य अशा जगण्याच्या सूत्रांवर होती. जमीन शिकताना क्षेत्रफळ आणि सात-बारासारख्या कागदांचे वाचन येई, जंगल शिकताना तेंदूपत्त्याच्या मजुरीचा हिशेब. बोलण्याची भाषा बुंदेली, लिहिण्याची हिंदी. दोहोंमधले अंतर चूक न मानता अभ्यासाचाच विषय मानले गेले.

केंद्रात राहण्याला आणखी एक अर्थ होता. वेगवेगळ्या जातींच्या मुली एकाच चुलीवरचे जेवत आणि एकाच हंड्यातले पाणी पीत. पाण्यावरून माणसाची पायरी ठरणाऱ्या प्रदेशात ही व्यवस्था पुस्तकातील कोणत्याही धड्याहून अधिक काही शिकविणारी होती. 'निरंतर'ने पुढे २००२ मध्ये ललितपूर जिल्ह्यातील महरौनी व मड़ावरा या तालुकासदृश विकासखंडांत सहजनी शिक्षा केंद्राच्या रूपाने दलित आणि सहरिया स्त्रियांसाठी असेच काम सुरू केले.

मराठी समाजाला ही कल्पना नवी वाटू नये. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. तेथे टोळ्यांचे भय नव्हते. भय होते ते समाजाच्या रोषाचे. तरी गरज एकच होती. शिकणाऱ्या स्त्रीला घराच्या आणि गावाच्या पकडीतून काही काळ बाहेर ठेवणारी जागा हवी होती.

शासनाने हे सूत्र मोठ्या प्रमाणावर स्वीकारले ते २००४ मध्ये, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय योजनेतून. २००१ च्या जनगणनेनुसार ग्रामीण स्त्री-साक्षरतेची राष्ट्रीय सरासरी ४६.१३ टक्के होती. ज्या विकासखंडांत ती याहून कमी आणि स्त्री-पुरुष साक्षरतेतील तफावत सरासरीहून अधिक होती, तेथे सहावी ते आठवीच्या मुलींसाठी निवासी शाळा मंजूर झाल्या. त्यांतील ७५ टक्के जागा अनुसूचित जाती, जमाती, अन्य मागासवर्ग व अल्पसंख्य समाजांतील मुलींसाठी आणि उर्वरित २५ टक्के दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींसाठी राखण्यात आल्या. योजनेचे तीन नमुने होते : १०० मुलींची निवासी शाळा, ५० मुलींची निवासी शाळा, आणि आधीच असलेल्या शाळेला जोडलेले ५० मुलींचे वसतिगृह. उत्तर प्रदेशातील काही विद्यालये प्रारंभी महिला समाख्येकडे चालविण्यास देण्यात आली होती. २००७ मध्ये ही योजना सर्व शिक्षा अभियानात विलीन झाली.

निकष कागदावर साधे दिसतात. दुर्गम भागात त्यांची कसोटी अगदी ठोस वस्तूंनी लागते : कुंपणाची भिंत किती उंच आहे, रात्री दिवा लागतो का, शौचालय इमारतीच्या आत आहे की आवारात, पाण्याचा स्रोत उन्हाळ्यात टिकतो का, अधीक्षिका खरोखर मुक्कामी राहते का. शाळा शोभिवंत पण गावाबाहेर, भिंतीविना उभी केली तर पालक मुलींना पाठवीत नाहीत. या विद्यालयांतील शिक्षिका कंत्राटी तत्त्वावर काम करतात. मुलींबरोबर चोवीस तास राहण्याची जबाबदारी आणि नोकरीची अनिश्चितता यांचा मेळ घालणे सोपे नाही, आणि अधीक्षिका बदलली की मुलींच्या घरच्यांशी जुळलेला विश्वासही नव्याने जोडावा लागतो. इमारतीच्या अंदाजपत्रकात हा विश्वास कोठेच दाखवलेला नसतो.

पठाराच्या मध्य प्रदेशातील बाजूस स्वयंसेवी प्रयत्नांचेही उदाहरण आहे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे १९१६ मध्ये जन्मलेले नानाजी देशमुख सक्रिय राजकारणातून निवृत्त झाल्यानंतर उत्तरायुष्यात चित्रकूटला स्थायिक झाले. तेथे १९९१ मध्ये ग्रामोदय विद्यापीठ उभे राहिले. त्यांच्या दीनदयाळ शोध संस्थानातर्फे सतना जिल्ह्यातील मझगवाँ येथे वनवासी मुलींसाठी कृष्णादेवी वनवासी बालिका आवासीय विद्यालय चालविले जाते. मानिकपूरहून मझगवाँ फारसे दूर नाही. मधली सीमा जंगलातून जाते.

अन्य संघर्षग्रस्त भागांतही इमारत आणि मुक्काम यांचे नाते असेच गुंतागुंतीचे आहे. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात, हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या काळात १९७६ मध्ये तेथे निवासी शाळा उघडली. माडिया भाषा बोलणाऱ्या मुलांना मराठी परकी होती. त्यामुळे बुंदेलखंडात बोली आणि प्रमाणभाषा यांचा जो प्रश्न होता, तो येथे कितीतरी अधिक तीव्र होता. छत्तीसगडच्या बस्तर भागात माओवाद्यांनी पक्क्या शाळा उडवून दिल्या, कारण तेथे सुरक्षा दलांचा तळ पडत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये शाळा व आश्रमशाळांच्या इमारती सुरक्षा दलांनी रिकाम्या कराव्यात, असा आदेश दिला. पक्की इमारत हल्ल्याला निमंत्रण ठरत असल्याने तेथे बांबू आणि प्लायवूडच्या 'पोटा केबिन' निवासी शाळा उभारण्यात आल्या. त्यांनी असंख्य मुलांना पुन्हा वर्गात आणले. पण मार्च २०२४ मध्ये बिजापूर जिल्ह्यातील मुलींच्या अशा एका शाळेला आग लागून एका लहान मुलीचा मृत्यू झाला. पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यात तालिबानने जानेवारी २००९ मध्ये मुलींच्या शिक्षणावर बंदी घातली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये शाळेतून परतणाऱ्या मलाला युसूफझाईवर गोळ्या झाडल्या गेल्या. हल्ला शाळेच्या इमारतीत नव्हे, घराच्या वाटेवर झाला होता.

बुंदेलखंडात मुलींच्या शाळांवर असे वैचारिक हल्ले झाले नाहीत. टोळ्यांना शिक्षणाशी वैर नव्हते. त्यांच्या दहशतीने रस्ता, ठेकेदार आणि शिक्षक यांना दूर ठेवले, आणि परिणाम मुलींनी भोगला. टोळ्या संपल्या तसे रस्ते झाले, मोटारसायकली आल्या, मुली सायकलवरूनही शाळेला जाऊ लागल्या. तथापि, २०११ च्या जनगणनेत ललितपूर जिल्ह्यातील जेमतेम निम्म्या स्त्रिया साक्षर होत्या. झाशी जिल्ह्यात हे प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे गेले होते. एकेकाळच्या एकाच जिल्ह्याचे हे दोन भाग, आणि दोहोंमधील अंतर रेल्वेने काही तासांचेही नाही.

सध्याचा पेच आठवीनंतरचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी, आठवीच्या टप्प्यावर थांबते आणि कस्तुरबा विद्यालयांची मूळ रचनाही तेथेच संपत होती. निवासी शाळेत तीन वर्षे राहून मुलगी घरी परते, तेव्हा नववीची शाळा तिच्यापासून पूर्वीइतकीच, किंबहुना अधिक दूर असे. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजनेत ही विद्यालये बारावीपर्यंत वाढविण्याची तरतूद झाली आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिचा पुनरुच्चार केला. ही वाढ दोन प्रकारे होते : विद्यालयातच नववी ते बारावीचे वर्ग सुरू करून, किंवा जवळच्या माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह बांधून. दुसऱ्या प्रकारात 'जवळची' माध्यमिक शाळा किती जवळ आहे, हा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

दरम्यान महिला समाख्या कार्यक्रमाला केंद्राने २०१६ मध्ये विराम दिला. गावपातळीवर पालकांशी बोलून मुलीला निवासी शाळेपर्यंत आणणाऱ्या संघांना मिळणारा आधार त्याबरोबर संपला. आठवी उत्तीर्ण झालेली मुलगी चौदा वर्षांची असते, आणि विवाहाचे कायदेशीर वय अठरा आहे. पाठ्यावरील आणि मड़ावऱ्याच्या डोंगरांतील कुटुंबांत तिच्याविषयीचा निर्णय या चार वर्षांत होतो, आणि तो घेताना घरातली माणसे पहिल्यांदा हेच विचारतात की ती राहणार कोठे.